मूळ हात

"आधी हात दाखव," ते म्हणाले, आणि मी बावळटासारखी तळहात पुढे करून बसले. नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या मुलीचं भविष्य बघणारा हा कोण बुवा, असं मनात आलं. त्यांनी तळहाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेबलाखालून एक स्टीलचं ताट काढलं, त्यात डब्यातला बारीक रवा ओतला, ताट हलवून तो सपाट केला आणि ताट माझ्यासमोर सरकवलं.

"आता तीन बोटं टेकव आणि खाली ओढ. घाई नको करू."

मी ओढली. रव्यात तीन रेघा उमटल्या. चष्मा कपाळावर चढवून ते त्या रेघांवर इतके वाकले की यांना शिंक आली तर माझी मुलाखत उडून जाईल, अशी मला भीती वाटली.

"पोळ्या लाटत नाहीस तू."

"नाही. आई लाटते."

"कळतंय. कडेचं बोट जोर लावायला घाबरतंय. वांधा नाही. उद्यापासून ये."

डिग्री विचारली नाही, मार्क विचारले नाहीत. माझं नावसुद्धा त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, आणि तेही लगेच विसरले. पुढे सहा वर्षं मी त्यांच्याकडे काम केलं. ते जाऊन आता वर्ष होईल.

आमचं काम नेमकं काय होतं, हे माझ्या वडिलांना मी कधीच नीट समजावू शकले नाही. वडील बडोद्यात प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. त्यांच्या लेखी काम म्हणजे संध्याकाळी हाताला ग्रीस लागलेलं दिसलं पाहिजे. "म्हणजे दिवसभर बोटं फिरवता तुम्ही?" ते विचारायचे. खरं तर तेवढंच. लॅपटॉपच्या कळांखाली जो गुळगुळीत चौकोन असतो, तो टचपॅड. त्यावर बोटं फिरवून ब्राउझरमधले टॅब हलवायचे, उघडायचे, मिटायचे. तीन बोटं डावीकडे नेली की आधीचा टॅब, उजवीकडे नेली की पुढचा, खाली ओढली की टॅब बंद. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण बोट किती सरकलं म्हणजे माणसाला खरंच सरकवायचं होतं, आणि किती सरकलं तर ते नुसतंच चाळवलं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. परदेशात लॅपटॉप बनवणाऱ्यांसाठी ते गोत्री रोडवर, फरसाणाच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर ठरायचं. आणि ठरवायचे सर.

जगभर या प्रकाराला जेश्चर म्हणतात. त्यांना तो शब्द आवडत नसे. ते "खूण" म्हणायचे. "माणूस यंत्राला खूण करतो. यंत्राला ती पहिल्या झटक्यात कळली पाहिजे. दोनदा खूण करायला लागली तर माणसाला आपण मूर्ख आहोत असं वाटतं. माणसाला मूर्ख वाटायला लावायचं नाही." हे वाक्य त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं असेल. ऑफिसातली गुजराती मुलं त्यांना मागून "मास्तर" म्हणायची, आणि ताट बाहेर आलं की एकमेकांना "चालो, निशाळ" म्हणत डोळे मिचकावायची. शाळा भरली, चला!

तरुणपणी ते एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं चित्र पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचं, एवढंच काम. एक रेघ चुकली तर ब्लेडनं खरवडायची, दोन चुकल्या तर कागद फाडून पहिल्यापासून. मग कॉम्प्युटर आले आणि ट्रेसर नावाची जातच संपली. बाकीच्यांनी दुकानं टाकली, कुणी रिक्षा घेतली. हे मात्र ज्या यंत्रानं पोटावर पाय दिला त्याच यंत्राकडे शिकायला गेले. "शत्रूच्या घरी पाणी भरलं," असं स्वतःच म्हणायचे.

चेहऱ्यांचा आणि त्यांचा काही संबंध नव्हता. कुणाची ओळख द्यायची तर "तो रे, अंगठा बाहेर वळलेला" किंवा "ती नखं खाणारी". लग्नाला गेले तरी वधूवरांना सोडून पंगतीत भात कालवणाऱ्यांकडे बघत बसायचे. ऑफिसात प्रत्येक नवी खूण आधी कोरड्या हातानं तपासली जायची, आणि मग सर सगळ्यांना घेऊन सेवउसळीच्या गाडीवर जायचे. तर्री बोटांना लागली पाहिजे, आणि हात कागदानं पुसायचे, धुवायचे नाहीत, असा हुकूम. तसंच परत येऊन टचपॅडला बसायचं. "बडोद्याचा माणूस सेवउसळ खाता खाताच लॅपटॉप उघडतो. त्याचं बोट कोरडं कुठून असणार?" परदेशातल्या कंपनीनं एकदा विचारलं होतं की तुमच्या तपासणीतलं तेल कुठल्या प्रकारचं असतं. त्यावर सरांनी गाडीचा फोटो काढून पाठवला होता.

इतकं सांगितलं की वाटेल, काय लाघवी माणूस. लाघवी नव्हते. वाकडा हात त्यांना सहन व्हायचा नाही. आमच्याकडे तपासणीसाठी वेगवेगळ्या वयाची माणसं बोलवायचो. एकदा डभोईहून एक रिटायर्ड काका आले होते, पांढरा सदरा, डब्यात घरचे ठेपले. त्यांची बोटं कापायची. सरांनी दोनदा त्यांच्या रेघा पाहिल्या आणि ताट ओढून घेतलं.

"काका, तुम्ही घरी जा. तुमच्या हातानं माझी मापं बिघडतात."

काका हसले. "हा, भाई, उंमर थई," वय झालं आता, असं म्हणाले, कापणारा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि डभोईची बस पकडायला निघून गेले. मी तेव्हा नवी होते. मला राग आला होता, पण सरांची मापं बिघडू नयेत हेही मला पटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच पटायचं ते. त्यामागे एक कारण होतं.

ते कारण म्हणजे मूळ हात. कंपनी सुरू झाली तेव्हा तिथं माणसं तीन होती, त्यामुळे प्रत्येक खुणेचं पहिलं माप सरांच्याच हाताचं घेतलं गेलं. रोज सकाळी चहाच्या आधी ते मोजणीच्या पॅडवर एकच खूण चाळीस वेळा करायचे. त्या चाळीस रेघा पडद्यावर एकमेकींवर ठेवल्या की एकच रेघ दिसायची. परदेशातल्या कंपनीला खरं वाटेना. हे माणसानं केलंय की यंत्रानं, अशी विचारणा झाली होती. तेव्हापासून त्यांचा हात म्हणजे मूळ हात. बाकी सगळ्यांचे हात त्याच्याशी ताडून बघायचे, आणि फरक पडला तर चूक त्या हाताची. माणसं वाढली, तीसच्या वर गेली, पण ती पद्धत कुणी बदलली नाही. चालतंय ते मोडायचं कशाला?

माझ्या पाचव्या वर्षी ताटातला रवा बदलला. बारीक रवा जाऊन जाडा, लापशीचा आला. "सर, शिरा सोडून आता लापशी का?" असं मी चिडवलं. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्याच सुमारास सेवउसळीच्या गाडीवर यायचं त्यांनी बंद केलं. पोट बरं नसतं म्हणाले. डब्यात कोरड्या पोळीची गुंडाळी आणायला लागले, भात नाही, आमटी नाही. सकाळचं माप घ्यायला दार लावून बसायला लागले. हे सगळं मी रोज बघत होते. दुसऱ्यांच्या हातांत इतकं वाचायला ज्यांनी शिकवलं, त्यांच्या हाताकडे मी पाच वर्षांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मूळ हाताला कोण तपासणार!

मग तक्रारी आल्या. नव्या लॅपटॉपवर टॅब बंद होत नाहीत, बोटं फार लांब ओढावी लागतात, हालचाल जड लागते. माणसं पॅड बिघडलं म्हणून लॅपटॉप परत करत होती. आमचे बॉस, मूळचे सुरतेचे, कधी आवाज न चढवणारे, त्यांनी मला बोलावून सांगितलं की कारण शोध, पंधरा दिवसांत रिपोर्ट हवा.

पंधरा दिवस लागले नाहीत. एका दुपारी मी मूळ हाताच्या जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी शेजारी शेजारी लावल्या. जुनी रेघ सरळ. नवी रेघ लांबून सरळ, पण मोठी करून पाहिली की तिला बारीक बारीक लाटा. चाळीसच्या चाळीस रेघांना, एका लयीत. आमचं सॉफ्टवेअर मूळ हाताला चूक मानतच नव्हतं. हात कापत होता, तर ते कापणं म्हणजे स्वस्थ बसलेलं बोट, असं ते शिकलं. बोट खरंच सरकलंय हे पटायला त्याला आता दुप्पट अंतर लागत होतं. दीड वर्षात आम्ही जे काही बाहेर पाठवलं, ते सगळं एका कापणाऱ्या हाताच्या मापानं शिवलेलं होतं.

जाडा रवा का आला, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. जाड्या दाण्यांत बारीक लाट दिसत नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले आणि दोन्ही रेघांचे कागद टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा वर चढवला, बराच वेळ पाहिलं. मग उजवा हात टेबलावर, माझ्यासमोर ठेवला. झाकायचं सोडून दिलं म्हणा. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, वाती वळल्यासारखी.

"कंपवात," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. घरी माहीत आहे. इथं तुला."

"सर, सांगायचं ना."

"काय सांगू? त्या डभोईवाल्याला जे सांगितलं ते?" ते खिडकीकडे बघत राहिले. "तुला वाटेल मी फसवलं. पहिले सहा महिने मलाच कळलं नाही गं. रेघ बघायचो, वाटायचं पॅड खराब आहे. तीन पॅड बदलले मी. माझा हात चुकेल हे डोक्यातच येईना. नंतर कळलं, तेव्हा धीर झाला नाही."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी म्हणाले, "रिपोर्ट मला द्यावा लागेल."

"द्यायलाच हवा. माझं नाव घाल, हाताचं कारण घाल, लपवू नकोस. पण एक कर." आता ते माझ्याकडे वळले. "हे माप फेकून देऊ नका. वेगळं ठेवा. सेटिंगमध्ये एका कोपऱ्यात, थरथरत्या हातासाठी म्हणून. ज्याला लागेल तो लावेल. चुकून का होईना, अशा हाताला यंत्र वापरता येईल असं माप तयार झालंय. असं माप कुणाकडे नाही. मी घरी रोज त्याच्यावर काम करतो, म्हणून सांगतो. माझं बाकी काही मागणं नाही."

"घालते, सर."

घातलं मी. शेवटच्या पानावर, शेवटच्या परिच्छेदात.

मीटिंगमध्ये बॉसनी रिपोर्ट पान पान वाचला. सरांना त्या दिवशी बोलावलं नव्हतं. मूळ हात आजच्या आज बदलायचा हे ठरलं. कुणाचा घ्यायचा म्हणून आठ जणांच्या नोंदी पडद्यावर लावल्या, आणि सर्वांत स्वच्छ माझी निघाली. "तो पछी तारो ज लईए," बॉस म्हणाले. तुझाच घेऊ. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? कानशिलं गरम झाली इतका आनंद झाला. त्याच भरात बॉस शेवटच्या पानावर आले.

"आ छेल्लुं शुं छे?" हे शेवटचं काय, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक सेटिंग वधे एटले दस फरियाद वधे." एक सेटिंग वाढलं की दहा तक्रारी वाढतात, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पण ते थांबले होते. माझ्या उत्तराची वाट बघत होते. त्या खोलीत त्या मापाची किंमत जाणणारी मी एकटी होते. जोर लावून दोन मिनिटं बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"ऑप्शनल छे, सर," मी म्हणाले.

नसलं तरी चालेल, असा त्याचा अर्थ झाला. बॉसनी पान उलटं करून ठेवलं.

सरांनी स्वतःच राजीनामा दिला. निरोप समारंभात शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घातलेला लॅपटॉप दिला. लॅपटॉप द्यावा ही सूचना माझीच होती. सगळ्यांना ती फार आवडली.

मी त्यांना भेटायला गेले ती आठ महिन्यांनी. इतके दिवस का नाही, तर कामं होती, आणि लाजही होती. दांडिया बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर त्यांची दोन खोल्यांची जागा. सर खुर्चीत बसले होते, खांदे आत ओढलेले, चेहरा मुखवट्यासारखा झालेला. समोर स्टुलावर तोच लॅपटॉप. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, चहा केला. सरांना अर्धाच पेला दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि थोडा लेंग्यावर सांडला.

"बरं झालं तू आलीस," काकू म्हणाल्या. "तूच सांग ह्यांना काहीतरी. अहमदाबादचे डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा ह्या लॅपटॉपवर बघतात. तिकडे नेणं आता होत नाही. डॉक्टर गोळ्यांचं सांगायला लागले की ह्यांचा हात जातो तिथं खाली, आणि डॉक्टर गायब! परत जोडायचं, परत गायब. मागच्या वेळी चारदा. शेवटी तिथला माणूस म्हणाला, काकी, टाइम पूरो. मला तर वाटतं मुद्दाम करतात. ऐकायचंच नसतं ह्यांना."

"माउस घेऊन पाहिला का?"

"घेतला ना. धरवत नाही त्यांना. फेकला जातो."

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी काकूंना काही सांगितलं नव्हतं. आठ महिने ते तो आरोप ऐकून घेत होते. पॅडवर टेकलेली त्यांची तीन बोटं नुसती कापली तरी आमचं नवं सॉफ्टवेअर ती खूण समजत होतं आणि टॅब मिटवत होतं. पहिल्या झटक्यात, बिनचूक. ते माझ्या हाताच्या मापाचं होतं.

काकू पेले घेऊन आत गेल्या. सर हळू आवाजात म्हणाले, "ते सेटिंग कुठे ठेवलंय गं? मी सगळ्या पानांवर शोधलं. सापडलं नाही. मला वाटलं, राहिलं असेल, पुढच्या अपडेटला येईल. दर अपडेटला शोधतो."

तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. एवढा वेळ होता, समोर ते होते, तिसरं कुणी नव्हतं.

"येईल, सर," मी म्हणाले. "काम चालू आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या चेहऱ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी माझा चेहरा असा पाहिल्याचं मला आठवत नाही.

"तोवर मी सगळ्या खुणा बंद करून देते," मी घाईघाईनं म्हणाले. "एका मिनिटाचं काम आहे. मग टॅब जाणार नाही."

"नको. माझ्या घरात माझंच काम बंद करून ठेवू नकोस." मग त्यांनी काकूंना हाक मारली. "अगं, ह्याचा चार्जर काढ. ही घेऊन जातेय."

"अहो, मग डॉक्टर?"

"फोनवर बोलतील." आणि मला म्हणाले, "सेटिंग आलं की आण परत. तोवर तुझ्याकडे असू दे. हा तुझ्या हाताचा आहे." आवाजात टोमणा नव्हता. दुसऱ्याची चप्पल चुकून पायात आली तर काढून द्यावी, तितक्या साधेपणानं ते म्हणाले.

काकूंनी चार्जर गुंडाळला, लॅपटॉप कापडी पिशवीत घातला, वर प्रसादाची पुडी ठेवली. नको म्हणायला माझ्याकडे पुष्कळ वेळ होता. मी पिशवी घेतली. खाली येऊन ती स्कूटरच्या हुकाला अडकवली, किल्ली लावली. निदान तेव्हा तरी माझा हात थरथरायला हवा होता. नाही थरथरला.